एक वाजता पट्टा बंद

आमच्या मॅडमना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या ऑफिसच्या फरशीवर उताण्या झोपल्या होत्या. डोक्याखाली घडी केलेलं बारदान, अंगावर कडक इस्त्रीची सुती साडी, पायांत पांढरे कॅनव्हासचे बूट आणि दोन्ही हात पोटावर. बाहेर ट्रक उभे होते, टेबलावरचा फोन वाजत होता, आणि ही बाई गाढ झोपेत होती.

मी पांढुर्ण्याहून बसनं सौंसरला मुलाखतीसाठी आले होते. गावाबाहेर संत्र्याचं ग्रेडिंग सेंटर होतं. बागांमधून आलेली संत्री तिथे धुवायची, त्यांच्यावर मेणाचा पातळ थर द्यायचा आणि ती सरकत्या पट्ट्यावर सोडायची. पट्ट्याच्या दोन्ही बाजूंना बाया उभ्या असत. त्या डागी फळं वेचून बाजूला काढत, चांगली फळं आकारानुसार क्रेटमध्ये जात आणि क्रेट ट्रकमध्ये. तिथे कॉम्प्युटरवर बसायला माणूस हवा होता. मी गेटवरच्या चौकीदारकाकांना विचारलं, "मॅनेजर मॅडम आहेत का?"

"हायेत ना. कामात हायेत."

"कोणत्या कामात?"

"झोपून राहिल्या," काका म्हणाले. त्यांच्या आवाजात थट्टा नव्हती. "बसा. आता उठतीन. जेवण झाल्यावर रोज झोपतात."

मॅडम उठल्या, तोंड धुऊन आल्या, केसांवरून हात फिरवला आणि माझ्यासमोर बसल्या. पन्नाशी ओलांडलेली उंच, काटक बाई. माझे कागद त्यांनी उलटे करून बाजूला ठेवले आणि पहिला प्रश्न विचारला, "जेवली का?"

मी म्हटलं, "नाही, मुलाखत होती ना."

"मुलाखतीले येताना पोट घरी ठेवून आली काय?" त्यांनी खणातून डबा काढला. त्यात अर्धी भाकर आणि वांग्याची भाजी उरली होती. "खा. तुह्या पोटाचा आवाज मले इथं आयकू येऊन राहिला. मंग बोलू."

मी खाल्लं. त्या समोर बसून बघत राहिल्या. मी घाईनं घास गिळायला लागले की म्हणायच्या, "चाव." टायपिंगबद्दल त्यांनी काही विचारलं नाही. विचारलं ते एवढंच, की डोळ्याखाली एवढं काळं कशानं झालं. मी सांगितलं. नवऱ्याचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान, दोन मुली शाळेत, सासूबाईंचे गुडघे गेलेले, पहाटे उठून स्वयंपाक, आणि आधीच्या ऑफिसात संध्याकाळ होऊनही कोणी उठायचं नाही म्हणून मीही उठायची नाही. डोकेदुखीच्या गोळ्या पर्समध्ये कायम असायच्या, हेही त्यांनी माझ्याकडून वदवून घेतलं.

"सोमवारपासून ये," त्या म्हणाल्या. "काम लय राहते. पण दोन गोष्टी सांगून ठेवते. एक वाजता पट्टा बंद होते. सहा वाजता ऑफिस बंद होते. हे ज्याले जमत नाही, त्यानं दुसरीकडं काम पाहावं."

मला वाटलं, सगळे मालक-मॅनेजर असं काहीतरी पहिल्या दिवशी बोलतात.

पण एक वाजता पट्टा खरोखर बंद व्हायचा. मॅडम स्वतः शेडमध्ये जाऊन बटण दाबायच्या. तो घरघर आवाज थांबला की क्षणभर कान बधिर झाल्यासारखे वाटत. मग शेडच्या सावलीत ताडपत्री अंथरली जायची आणि तिच्यावर सगळे बसायचे. पट्ट्यावरच्या बाया, हमाल, आम्ही ऑफिसवाले, ट्रक घेऊन आलेले ड्रायव्हरसुद्धा. उभ्यानं खायला बंदी. फोन ऑफिसात ठेवून यायचे. मी दुसऱ्याच दिवशी कीबोर्डशेजारी डबा उघडला, तेव्हा त्यांनी सरळ कीबोर्डची वायर काढली, कीबोर्ड काखेत मारला आणि त्या जेवायला निघून गेल्या. मला त्यांच्या मागे जावंच लागलं.

सहा वाजताची पद्धत आणखी वेगळी होती. त्या झाडू घ्यायच्या. मॅनेजर बाई स्वतः झाडायला लागल्यावर कोण बसून राहणार? खुर्चीखाली झाडू घालायच्या आणि म्हणायच्या, "पाय उचल. पाय उचललेच हायेत तं आता घरी जाय." झाडायला दुसरी बाई होती, तिला पगारही मिळायचा. पण संध्याकाळचा हा झाडू मॅडमनी कधी कोणाच्या हातात दिला नाही.

या सगळ्याचा सर्वांत जास्त राग नारायणभाऊंना होता. ट्रक भरून रवाना करण्याचं काम त्यांच्याकडे. आपण एकही सुट्टी घेत नाही, हे ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. पट्टा थांबला की ते ट्रकभोवती फेऱ्या मारत राहत. एकदा ताडपत्रीवर मॅडमनी त्यांना शेजारी बसवून घेतलं.

"नारायण, तू मेला तं सेठजी कारखाना एक दिवस बंद ठेवतीन," त्या भाकर मोडता मोडता म्हणाल्या. "तेवढी एक छुट्टी तुले भेटन. अन् तीबी तुह्या काही कामाची नाही."

बाया हसल्या. नारायणभाऊ हसले नाहीत, पण त्या दिवशी ते पूर्ण जेवले.

रविवारी मॅडम फोन उचलत नसत. एका रविवारी कुठल्याशा गाडीची अडचण आली आणि सेठ, म्हणजे सेंटरचे मालक, थेट त्यांच्या घरी गेले. मॅडम घरासमोरच्या गल्लीत शेजारणीबरोबर बॅडमिंटन खेळत होत्या. सेठनी विचारलं, "बाई, फोन काऊन नाही उचलला?"

"आज मॅनेजर नाही ना जी घरी."

"मंग समोर कोण उभं हाय?"

"मी हाय. बाई. चहा घ्या, नाही तं बॅट घ्या."

हा किस्सा सेठच सगळ्यांना सांगायचे. ते वाईट मालक नव्हते. वडिलांच्या संत्र्याच्या आडतीवरून त्यांनी सेंटर उभं केलं होतं आणि फळ नासायच्या आत गाडी निघाली पाहिजे, ही काळजी त्यांच्या कपाळावर कायमची बसली होती. मॅडम हिशेबाला चोख, माणसं सांभाळायला पक्क्या, म्हणून ते त्यांचे नियम चालवून घेत. चालवून घेणं आणि पटणं यांत फरक असतो, एवढंच.

मॅडम पहिल्यापासून अशा नव्हत्या, हे मला बेबीबाईंनी सांगितलं. बेबीबाई पट्ट्यावरच्या सर्वांत जुन्या. त्या म्हणाल्या, "आधी ही बाई मशीन होती. आमी यायच्या आधी हजर, आमी गेल्यावरबी हजर. कोणाशी हासे ना बोले." सीझन संपला की सेंटरची गाडी सगळ्यांना घेऊन जामसावळीला हनुमानाच्या दर्शनाला जायची. मॅडम बौद्ध घरातल्या, पण कारखान्याची सगळी माणसं जातात म्हणून त्याही जायच्या. त्या वर्षी बाया दर्शनाच्या रांगेत गेल्या आणि मॅडम मंडपातल्या खांबाला टेकून बसल्या. बसल्या त्या झोपल्याच. डोक्यावर भोंगा वाजत होता, शेजारी भजन चाललं होतं, लोक अंगावरून जात होते. जेवणाची पंगत बसली, उठली. बायांनी हलवलं, हाका मारल्या, तोंडावर पाणी शिंपडलं. मॅडम डोळे उघडत आणि परत मिटत. शेवटी घाबरून बायांनी गाडीत घालून दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, या बाईला काही झालेलं नाही, हिला फक्त झोपू द्या.

"दोन दिवस झोपली," बेबीबाई म्हणाल्या. "उठली अन् तिसऱ्या दिवशी कामावर आली तं पायात बूट घालून. आमाले वाटलं डोक्यावर परिणाम झाला."

मी एकदा धीर करून मॅडमना त्याबद्दल विचारलं. आम्ही दोघी बसची वाट बघत स्टँडवर उभ्या होतो. त्या मला सोडायला तिथपर्यंत चालत यायच्या, चालणं होतं म्हणून. त्या आधी हसल्या. मग म्हणाल्या, "ज्या बाईले भोंग्याखाली झोप लागते, तिचं शरीर किती दिवसाचं उपाशी असंन, सांग. मले माह्या शरीराची कीव आली. बिचारं एवढी वर्षं माह्याकडं काम करून राहिलं, अन् मी त्याले एक दिवस विचारलं नाही, बापा, कसा हायेस."

बस यायला वेळ होता. थोड्या वेळानं त्या पुन्हा बोलल्या, आणि या वेळी त्यांचा आवाज वेगळा होता.

"माही माय दुसऱ्याच्या वावरात निंदायले जाये. दुपारची भाकर धुऱ्यावर उभ्यानं खाये. बसली का मालक वरडे. मी लहान होती, मले वाटे, भाकर उभ्यानंच खायची असते. शाळेत पहिल्या दिवशी डबा हातात धरून उभी राहिली, तं गुरुजी म्हणाले, बस ना पोरी. सारे बसले होते, मी एकटी उभी. घरी येऊन मायले म्हटलं, माय, भाकर बसून खातात. ती चुलीत फुकत राहिली."

रस्त्याकडे बघत त्या पुढे म्हणाल्या,

"आठ तासाचं काम आपल्याले कोणी दान नाही देलं. आपल्या मोठ्या माणसानं ते भांडून मिळवलं. अन् आता आपणच शिकून-सवरून, खुर्चीवर बसून, उभ्यानं भाकर खाऊन राहिलो. मालक वरडतबी नाही, तरी आपण उभे. मले हे पटत नाही, बस."

त्या दिवशी घरी आल्यावर मी ओट्याशी उभी राहून जेवायला लागले, आणि घास हातातच राहिला. ताट घेऊन खाली बसले. सासूबाई चकित होऊन म्हणाल्या, "काय झालं वो? बरं नाही वाटत काय?"

बरं वाटत नव्हतंच, पण ते मला कळायला मॅडमच लागल्या. त्यांनी मला अर्ध्या दिवसाची सुट्टी देऊन जबरदस्तीनं डॉक्टरकडे पाठवलं. रक्तदाब निघाला. चाळिशी आली नव्हती अजून. मी रडले. मॅडम म्हणाल्या, "रडून घे. मंग कबड्डीले ये."

शनिवारी संध्याकाळी, काम संपल्यावर, सेंटरच्या आवारात कबड्डी व्हायची. बाया साडीचा काष्टा मारत, हमाल हद्दीच्या रेषा आखत, आणि मॅडम पंच. तरुणपणी त्या जिल्ह्याच्या संघात खेळल्या होत्या. शाळा सुटल्यापासून मी धावले नव्हते. पहिल्या चढाईत बेबीबाईंनी माझा पाय असा धरला की मी तोंडावर पडले. तोंडात माती गेली आणि मला हसू आवरेना. मुली आईला असं लोळताना बघायला मिळावं म्हणून पुढच्या शनिवारी बसनं सौंसरला आल्या. सहा महिन्यांत माझ्या पर्समधून गोळ्या गेल्या. म्हणजे रक्तदाबाची राहिली, डोकेदुखीची गेली. दुकान बंद करून नवराही शनिवारी यायला लागला. तो हद्दीबाहेर बसून शेंगदाणे खायचा आणि माझ्या विरुद्ध बाजूला ओरडून प्रोत्साहन द्यायचा.

मग ती मोठी ऑर्डर आली.

दक्षिणेकडच्या एका मोठ्या व्यापाऱ्याला सणाच्या आधी भरपूर माल हवा होता. एवढा माल आमच्याकडून एका दमात कधीच गेला नव्हता. त्यानं अर्धी ऑर्डर आम्हाला दिली आणि अर्धी रस्त्यापलीकडच्या दुसऱ्या सेंटरला. ज्याचं काम चांगलं, त्याच्याशी पुढची सगळी वर्षं, असं त्यानं दोघांनाही सांगितलं. सेठ ऑफिसात आले आणि न बसताच बोलायला लागले.

"बाई, या वेळी नियम बाजूले ठेवा. थोड्या दिवसांचा प्रश्न हाय. पट्टा बंद करायचा नाही. बाया दोन-दोन पाळ्या करतीन, मी दुप्पट रोजी देतो. पलीकडचे रात्रंदिवस चालवून राहिले."

"दुसरी पाळी लावू ना जी," मॅडम म्हणाल्या. "पण दुसऱ्या बायांची. एका बाईनं दोन पाळ्या नाही."

"नवीन बायांना डागी फळ ओळखता येते काय? एक सडकं संत्रं गेलं तं सारी क्रेट सडते."

"शिकवू आमी."

"अन् गाड्या लेट झाल्या तं?"

मॅडमनी हातातलं पेन खाली ठेवलं. "तं तुमी दुसरी मॅनेजर पाहा. मी बोलणार नाही काही."

सेठ उठून गेले. नारायणभाऊ माझ्या टेबलाशी येऊन हळूच म्हणाले, "ह्या बाईनं आज स्वतःचीबी नोकरी घातली अन् आपलीबी." मलाही तसंच वाटत होतं. माझी नोकरी गेली तर मुलींच्या शिक्षणाचं काय, हा विचार त्या क्षणी मनात आला, खोटं कशाला सांगू.

जामसावळीच्या रस्त्यावरच्या खेड्यांमधून मॅडमनी नव्या बाया आणल्या. प्रत्येक जुन्या बाईशेजारी एक नवी उभी केली. बेबीबाई त्यांना म्हणायच्या, "डोळ्यानं पाहशीन तं चुकशीन. हातानं दाबून पाह." पहिले काही दिवस काम रखडलं. रस्त्यापलीकडून एकामागून एक ट्रक निघत होते आणि आमचा पहिला अजून अर्धा भरलेला. एक वाजता मॅडम उठल्या. नारायणभाऊ दारात आडवे उभे राहिले.

"मॅडम, आजच्या दिवस."

"बाजूले हो, नारायण. आजच्या दिवशीच भूक जास्त लागली हाय सगळ्याईले."

पट्टा बंद झाला. आम्ही ताडपत्रीवर बसलो. वरच्या खोलीच्या खिडकीत सेठ उभे होते. आमचे डोळे सारखे रस्त्यावरच्या ट्रककडे जात होते, पण मॅडम नेहमीसारख्या सावकाश जेवत होत्या आणि नव्या बायांची नावं विचारत होत्या.

अखेर एका संध्याकाळी पहिला ट्रक भरला. ड्रायव्हर चाबी आणि कागद घ्यायला आला. त्याचे डोळे लालभडक होते. मॅडमनी चाबी हातातच ठेवली.

"भाऊ, झोप झाली का?"

"झाली ना मॅडम. गाडीतच झोपलो येताना."

"मंग गाडी कोणी चालवून आणली?"

तो खाली बघायला लागला. मॅडमनी काकांना सांगून कडुनिंबाखाली खाट टाकायला लावली. "जेव अन् झोप. उजाडलं का निघ."

रस्त्यापलीकडून हॉर्न वाजवत त्यांचा आणखी एक ट्रक गेला. नारायणभाऊंनी डोक्याला हात लावला. सेठ जिना उतरून धावत आले आणि सगळ्यांसमोर पहिल्यांदाच त्यांचा आवाज चढला.

"बाई, आता हद्द झाली. चाबी द्या त्याले."

"सेठजी, तुमची घाई मले समजते. फळ नासते, मालूम हाय मले. पण या माणसाच्या घरीबी कोणी वाट पाहत असंन. आत्ता मले काढून टाका, पण चाबी सकाळीच भेटन." त्यांनी चाबी कमरेला खोचली आणि रोजच्यासारखा झाडू हातात घेतला.

ड्रायव्हर खाटेवर पडल्या पडल्या घोरायला लागला होता. सेठनी त्याच्याकडे बघितलं आणि ते परत जिना चढून गेले. दुसऱ्या दिवशी मॅडमना निरोप देतील, अशी आम्हाला खात्री होती. सकाळी आम्ही आलो तर ट्रक निघून गेला होता आणि मॅडम आपल्या जागेवर होत्या. सेठ दिवसभर वरच्या खोलीतून खाली उतरले नाहीत. एकेक करून आमचे बाकीचे ट्रकही गेले. प्रत्येक ड्रायव्हर झोपून गेला. शेवटचा ट्रक ठरल्या दिवसाच्या अगदी काठावर निघाला.

मग वाट बघणं सुरू झालं. पलीकडच्यांचा सगळा माल आमच्या आधी पोचला होता, हे आम्हाला कळलं होतं.

व्यापाऱ्याचा फोन आला तेव्हा आम्ही ताडपत्रीवर जेवत होतो. सेठ वरून फोन कानाला लावूनच खाली आले. "हां जी, हां जी," एवढंच म्हणत होते. आम्ही सगळ्यांनी हात थांबवले. फोन ठेवल्यावर त्यांनी एकदा आमच्याकडे बघितलं, मग मॅडमकडे.

"त्यांचा माल उतरवला तं बऱ्याच क्रेटमध्ये सडकं फळ निघालं. अर्धा परत लावला." ते ताडपत्रीजवळ आले. "आपली एक क्रेटबी परत नाही. तो म्हणते, वेचणारे हात कोणाचे हायेत. त्यांचा उरलेला मालबी आपणच द्यायचा. अन् पुढच्या सीझनचाबी."

बेबीबाईंनी शेजारच्या नव्या बाईच्या पाठीत एवढ्या जोरात थाप मारली की तिला ठसका लागला. हमाल शिट्ट्या वाजवायला लागले. नारायणभाऊ उठले, ट्रकपर्यंत गेले, परत आले आणि मॅडमच्या ताटात स्वतःच्या डब्यातला बेसनाचा लाडू ठेवून बसले. मी रडत होते की हसत होते, मला आठवत नाही. एवढ्या दिवसांची छातीवरची धोंड उतरली होती.

सेठ म्हणाले, "बाई, तुमच्या आरामानं माहा धंदा वाचवला."

सगळ्यांना वाटलं, आता मॅडम खूश होतील. त्यांनी मान हलवली. "असं नका म्हणू जी. धंदा वाचला नसता तं काय आराम बंद केला असता? बाई बसून जेवते, कारण तिले भूक लागते. तेवढं कारण पुरते."

सेठनी ताडपत्रीवरच्या ताटांकडे बघितलं. मग म्हणाले, "पुरते," आणि वर निघून गेले.

त्यानंतर पलीकडच्या सेंटरमध्येही दुपारी पट्टा थांबायला लागला. त्यांच्या बाया रस्ता ओलांडून शनिवारी कबड्डीला यायला लागल्या आणि आम्ही त्यांना रीतसर हरवलं. पण माझ्या मनात मॅडमचा सर्वांत मोठा विजय म्हणून जो दिवस आहे, त्या दिवशी त्या तिथे नव्हत्याच.

पुढच्या वर्षी मृग बहाराची, म्हणजे पावसाळ्याच्या सुरुवातीला फुललेल्या संत्र्यांची, तोडणी ऐन भरात असताना मॅडमनी सुट्टी मागितली. नागपूरला भाचीकडे राहून पोहायला शिकायचं होतं.

"सीझनमध्ये?" सेठनी विचारलं.

"सीझन दरवर्षी येते जी. मी किती वर्षं येईन?"

काम माझ्याकडे सोपवून त्या गेल्या. जाताना मी विचारलं, काही अडचण आली तर फोन करू का. त्या म्हणाल्या, "मी पाण्यात असीन."

त्या आठवड्यात माल असा येऊन पडला की आवारात पाय ठेवायला जागा नव्हती. एक वाजायला आला तेव्हा सेठ माझ्याजवळ आले. पूर्वीसारखे रागावलेले नव्हते, फक्त थकलेले होते. हळू आवाजात म्हणाले, "आज मॅडम नाहीत. बायांना सांगून पाहता का? फक्त आजच्या दिवस जेवण थोडं मागं सरकवू."

मी शेडकडे निघाले. बायांना सांगायचं, की परत फिरून सेठनाच नाही म्हणायचं, हे ठरत नव्हतं. मालकाला नाही म्हणायची माझी ती पहिलीच वेळ असती. शेडच्या दारात पोचले तर बेबीबाईंनी हातातलं फळ क्रेटमध्ये ठेवलं, पदराला हात पुसले आणि माझ्याकडे बघितलं. त्यांच्या शेजारची बाई थांबली. मग तिच्या शेजारची. सगळ्या माझ्याकडे बघत होत्या, भीक मागितल्यासारख्या नाही, तर बस थांब्यावर थांबणारच आहे हे ठाऊक असलेल्या माणसांसारख्या. मी पुढे गेले आणि बटण दाबलं.

पट्टा थांबला. नारायणभाऊ, ज्यांनी आयुष्यात कधी सुट्टी घेतली नव्हती, ते ताडपत्रीचं एक टोक धरून आले आणि दुसरं टोक धरायला हमालांना हाक मारली. मी मागे वळले. सेठ दारात उभे होते. मी म्हटलं, "सेठजी, दोन वाजता सुरू करू."

त्यांनी घड्याळाकडे बघितलं, भरलेल्या आवाराकडे बघितलं. बेबीबाई डबा उघडत म्हणाल्या, "उभे काऊन हा, सेठजी? बसा. जवारीची भाकर हाय, झुणका हाय."

एवढ्या वर्षांत सेठ कधी त्या ताडपत्रीवर बसले नव्हते. त्यांनी जोडे काढले, इकडे-तिकडे बघितलं आणि नारायणभाऊंनी सरकून केलेल्या जागेत मांडी घातली. पहिला घास घेतल्यावर त्यांनी डोळे मिटले. मग दुसरी भाकर मागितली. माल त्या दिवशी गेला, त्यानंतरच्या दिवशीही गेला.

मॅडम परत आल्या त्या उन्हानं रापून, केस कापून आणि भलत्याच खुशीत. मी त्यांना सगळं सांगितलं. बटण मी दाबलं, बाया कशा थांबल्या, सेठ कसे जेवले. मला वाटलं होतं, त्या माझी पाठ थोपटतील. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि त्यांच्या चेहऱ्यावर खरीखुरी हळहळ दिसली.

"आधी सांगतलं असतं तं मी आठ दिवस अजून राहिली असती," त्या म्हणाल्या. "पाण्यावर उताणं पडून राहायचं आत्ताच कुठं जमून राहिलं होतं."